वीज नसलेली कुंडी

झाडाला वीज दिली तर ते अधिक जोमाने वाढते का, हा प्रश्न घरच्या गच्चीवर तपासून पाहता येतो. मूठभर मेथीदाणे, काही कुंड्या, तांब्याच्या तारा आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढे साहित्य त्याला पुरते. (घरातल्या प्लगमधली वीज मात्र चुकूनही वापरू नये.) अलीकडे काठीला तांब्याची तार गुंडाळून ती कुंडीत खोचायची आणि हवेतली वीज मातीत उतरेल अशी वाट पाहायची, असाही एक प्रकार लोकप्रिय झाला आहे. असे प्रयोग घरोघरी व्हावेत असे मला मनापासून वाटते. पण त्यातून काय कळेल हे तारेवर ठरत नाही. जिला वीज दिलेली नाही, ती कुंडी किती प्रामाणिकपणे जोपासली यावर ते ठरते, आणि नेमके तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

ही हौस आजची नाही. फ्रान्समध्ये बेर्तोलों या धर्मगुरूने १७८३ साली वनस्पती आणि वीज या विषयावर ग्रंथ लिहिला आणि हवेतली वीज पिकांपर्यंत पोहोचवणारे उपकरणही सुचवले. त्याच सुमारास यान इंगेनहाउस यांनी असे प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा करून पाहिले. झाडाची हिरवी पाने उजेडात प्राणवायू सोडतात हे दाखवून देणारे हेच शास्त्रज्ञ. वीज दिलेल्या आणि न दिलेल्या रोपांत त्यांना फरक आढळला नाही. पुढे फिनलंडच्या लेमस्ट्रोम यांनी शेतांवर तारांची जाळी ताणून उत्पन्न वाढल्याचे नोंदवले. ब्रिटिश सरकारने तर १९१८ मध्ये या विषयासाठी खास समितीच नेमली. वर्षानुवर्षे शेतांत आणि कुंड्यांत चाचण्या झाल्या. एका हंगामात वाढ दिसे, दुसऱ्या हंगामात ती नाहीशी होई. भरवशाचा निकाल हाती न लागल्याने १९३६ मध्ये समितीचे काम थांबले.

म्हणून झाडाचा आणि विजेचा काही संबंधच नाही, असे मात्र कोणी समजू नये. लाजाळूच्या पानाला बोट लावले की मिटण्याचा निरोप विजेच्या स्पंदनातूनच देठाकडे जातो. जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींच्या अशा प्रतिसादांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि वाढीची अतिसूक्ष्म हालचाल हजारो पटींनी मोठी करून दाखवणारे यंत्र घडवले. पण झाड स्वतः वीज वापरते, यावरून बाहेरून वीज दिली की ते जास्त वाढेल असे सिद्ध होत नाही. तो वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

काठीला गुंडाळलेल्या तारेचेच पाहू. निरभ्र दिवशी मोकळ्या मैदानात जमिनीलगत दर मीटर उंचीमागे सुमारे १०० व्होल्टचा फरक असतो, हे खरे. आकडा भारदस्त वाटतो, पण हवा विजेची फार वाईट वाहक आहे. एका अँपिअरचे लाख कोटी भाग केले, तर त्यांतले दोनेक भाग एवढाच प्रवाह एका चौरस मीटरवर उतरतो. वर छत असलेल्या बाल्कनीत तेवढाही नाही. बॅटरीची गोष्ट वेगळी. तिथे मातीतून प्रवाह खरोखर वाहतो. पण त्याबरोबर आणखीही काही घडते. काही दिवसांनी धन टोकाची तार उपसून पाहिली तर ती झिजलेली आणि हिरवट-निळी दिसते, कारण तांबे विरघळून मातीत गेलेले असते. त्या टोकाभोवतीची माती आम्लधर्मी होऊ लागते, तर ऋण टोकाभोवतीची अल्कधर्मी. आता रोप तरारले किंवा पिवळे पडले, तर ते विजेमुळे, तांब्यामुळे की बदललेल्या मातीमुळे? बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद वापरणाऱ्या द्राक्षबागायतदाराला विचारा. तांबे बुरशीला मारते आणि जास्त झाले तर पिकालाही बाधते, हे तो सांगेल.

त्याहून मोठी अडचण म्हणजे कुठलाही फरक न करताही झाडे सारखी वाढत नाहीत. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या कृषिसंशोधन केंद्रात मर्सर आणि हॉल यांनी एक एकर गव्हाचे ५०० तुकडे पाडून प्रत्येकाचे धान्य वेगळे तोलले. त्यांचा अहवाल १९११ साली आला. सगळ्या तुकड्यांना वागणूक एकच होती, तरी उत्पन्नात मोठी तफावत निघाली. पुढे त्याच केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी या तफावतीतून खरा परिणाम वेगळा काढण्याची रीत घालून दिली. ही रीत आपल्याकडच्या कृषिसंशोधकांच्या हाती देणारे पुस्तक वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये लिहिले, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते अभ्यासले गेले. तिचे सार गच्चीवरही लागू पडते. एक विजेची आणि एक साधी, अशा दोन कुंड्यांनी काहीच ठरत नाही. निदान दहा-दहा कुंड्या हव्यात. बिनविजेच्या कुंड्यांतही तशाच तारा खोचाव्यात, फक्त बॅटरी जोडू नये. कोणती कुंडी कोणत्या गटात जाईल आणि कुठे बसेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, नाहीतर कठड्याजवळचे ऊन विजेच्या नावावर जमा होते. शेवटी कोणत्या कुंडीला वीज होती हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून रोपे वाळवून तोलून घ्यावीत. नुसती उंची मोजणे फसवे असते, कारण उजेड कमी पडलेले रोपही उंच वाढते.

यावर कोणी म्हणेल, घरच्या मेथीसाठी एवढा सोपस्कार कशाला? झाड वाढले, आनंद मिळाला, पुरे की. आनंदाला माझी हरकत नाही. पण ‘माझी मेथी छान आली’ हे एक विधान आणि ‘विजेमुळे छान आली’ हे दुसरे. दुसरे विधान ऐकून उद्या एखादा शेतकरी तारांवर पैसे घालेल, म्हणून ते करणाऱ्यावर जबाबदारी येते. दुसरा आक्षेप असा, की बोस यांनाही आधी विरोधच झाला होता. झाला होता, १९०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे नामवंतांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. पण बोस यांनी उत्तर दिले ते यंत्रे आणि नोंदी पुढे ठेवून, कोणीही तपासावे अशा रीतीने. १९२० मध्ये त्याच सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. विरोध झाला म्हणून कोणी खरा ठरत नाही, तपासाला उतरला म्हणून ठरतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी वारा-पावसातून मिळवलेल्या विजेच्या क्षेत्रात वाटाण्याचे उत्पन्न सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचे प्रसिद्ध केले. त्याकडे दुर्लक्ष करू नये. पण ब्रिटिश समितीच्या इतिहासाचा धडा हाच, की एका हंगामाचे यश दुसऱ्या हंगामात, दुसऱ्या हातांनी पुन्हा मिळाले पाहिजे. तोवर प्रश्न खुला आहे असेच म्हणावे.

शाळेतल्या मुलांना आणि हौशी बागवानांना माझी विनंती आहे, की हा प्रयोग जरूर करा. सुरू करण्याआधी वहीत लिहून ठेवा, की किती फरक दिसला तर परिणाम झाला असे मानाल. आणि फरक दिसला नाही, तर तोही निकाल तितक्याच अभिमानाने इतरांना सांगा.