माशाची बुळबुळ, जहाजाचा तळ

बालाघाटाच्या कोरड्या माथ्यावरल्या जळकोटातही मरळ साफ करायची तर हाताला राख लावावी लागते, नाहीतर ती निसटतेच. ही बुळबुळ जहाजाच्या तळाला द्यावी, ही कल्पना मोहात पाडणारी आहे; कारण संथ चालणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजाची निम्म्याहून अधिक ताकद नुसत्या पाण्याच्या घर्षणात जाते. १९७१ मध्ये रोझेन आणि कॉर्नफर्ड या संशोधकांनी बॅराकुडा माशाचा चिकटा पाण्यात मिसळून मोजले, तेव्हा खळाळत्या प्रवाहातले घर्षण ६६ टक्क्यांच्या आसपास घटले. पुढे जपानच्या निप्पॉन पेंट मरीनने ट्यूनाच्या कातडीवरून बेतलेला हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी धरून बसणाऱ्या जेलचा, लेप बाजारात आणला. पण लेपाचे काम करणाऱ्याला इथे एक खोच दिसते. बॅराकुडाचा चिकटा पाण्यात विरघळला होता, म्हणूनच त्याचे लांबलचक रेणू भोवरे दाबू शकले; टॉम्स यांनी १९४८ मध्ये कृत्रिम पॉलिमरचा असाच गुण दाखवला होता. म्हणजे जेवढे सुटेल तेवढाच लाभ. मासा सतत नवा चिकटा पाझरत राहतो, जहाज मात्र काही वर्षांनीच सुक्या गोदीत चढते. टिकावा म्हणून जेलच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या, की पाण्यात उतरायला काही उरत नाही.

मग या लेपाने इंधन वाचते म्हणतात, ते खोटे का? नाही. ते वाचते, पण माझ्या मते मुख्यतः दुसऱ्या वाटेने. जहाजाच्या तळाला चिकटणाऱ्या बार्नॅकल या कवचधारी जिवाच्या पिल्लाला बूड टेकायला घट्ट जागा लागते आणि पाण्याने फुगलेले जेल त्याला पाण्यासारखेच भासते. मुंबई बंदराच्या उबदार पाण्यात जीव बाराही महिने चिकटतात आणि शेवाळाचा पातळ थरसुद्धा इंजिनाला जड जातो. असे जीव चिकटू न देणाऱ्या कथिलाच्या विषारी रंगांवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाल्यावर या गुणाचे मोल वाढलेच आहे. कोणी म्हणेल, डिझेल वाचल्याशी मतलब, कारणाची चिकित्सा कशाला? अशासाठी की गोदीतून घासूनपुसून निघालेले कुठलेही जहाज आदल्या महिन्यापेक्षा हलके चालते; त्याचे श्रेय लेपाला देणे म्हणजे न्हाव्याने केस धुतले आणि नाव तेलाचे झाले! शिवाय, लाभ स्वच्छतेचा असेल तर हा लेप सतत धावणाऱ्या जहाजापेक्षा नांगर टाकून पडून राहणाऱ्याला अधिक हवा. म्हणून नव्या लेपाची पट्टी वेगाने पाणी वाहणाऱ्या नळीत तपासण्याआधी ती मुंबईच्या गोदीत वर्षभर बुडवून ठेवावी आणि शेजारी साध्या रंगाची एक पट्टी टांगावी, असा माझा आग्रह असतो.