मागच्या रांगेतला जिमी

‘लिटल विंग’ हे गाणं अडीच मिनिटांचंसुद्धा नाही. १९६७ साली जिमी हेंड्रिक्सने ते लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलं. सुरुवातीला काही वेळ गिटार एकटीच वाजते आणि तेवढ्या वेळात ती दोन वादकांचं काम करते. जिमी डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचं काम उजव्या हाताकडे. त्या हाताचा लांबलचक अंगठा दांडीवरून वळून येतो आणि सर्वांत जाड तारेवर खर्जाचा स्वर धरून बसतो. मग उरलेली बोटं मोकळी होतात, आणि कॉर्ड धरता धरता तिच्याच पोटातल्या स्वरांवर छोट्या छोट्या हरकती घेतात. याला लीड म्हणायचं की रिदम, ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. इतकं मात्र खात्रीने वाटतं की हे एकलवादकाच्या हाताचं काम नाही. ज्याने वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या गाण्यामागे उभं राहून वाजवलं, त्याचाच हात असा बोलतो.

मी स्वतः ऑर्केस्ट्रात रिदम गिटार वाजवली आहे. गणपतीत, नवरात्रात, एखाद्या संस्थेच्या वर्धापनदिनाला, जिथली सुपारी मिळेल तिथे. पुढे गायक, त्यांच्या बाजूला ढोलक-तबला, कीबोर्ड, आणि मागे आम्ही. तुम्ही नीट वाजवता तोवर तुमच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं. लय तसूभर हलली की मात्र गायक मागे वळून बघतो. गोव्याहून मुंबईला आलेल्या कितीतरी वादकांनी हिंदी चित्रपटसंगीतात असंच, पडद्यावर नाव न येता, आयुष्य काढलं. हेंड्रिक्सच्या चरित्रात मी वारंवार जातो ते त्याच्या मागच्या रांगेतल्या वर्षांसाठी. माँटेरी महोत्सवाच्या मंचावर त्याने गिटार पेटवली ती जून १९६७ मध्ये. त्याचं कीर्तीचं आयुष्य तिथून जेमतेम सव्वातीन वर्षं चाललं. त्याआधी सात-आठ वर्षं तो गावोगावच्या बँडमध्ये, इतरांच्या नावाखाली वाजवत होता. चरित्रकार या वर्षांना बहुधा उमेदवारी म्हणून हातावेगळं करतात. मला तीच वर्षं मोलाची वाटतात.

त्याचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिएटल शहरातला. आई ल्युसिल सतरा वर्षांची. वडील अल सैन्यात. मुलगा झाला तेव्हा त्यांना रजासुद्धा मिळाली नाही. पुढे आईवडील वेगळे झाले, घरं बदलत राहिली, धाकट्या भावंडांपैकी तिघांना लहानपणीच परक्यांच्या हवाली करावं लागलं. शाळेत हा मुलगा झाडू घेऊन गिटार वाजवल्याचं सोंग करायचा. ते इतके दिवस चाललं की शाळेतल्या एका समाजसेविकेने गरीब मुलांसाठीच्या निधीतून त्याला गिटार मिळावी म्हणून पत्र लिहिलं. गिटार काही मिळाली नाही. १९५७ मध्ये वडिलांबरोबर एका बाईंच्या घरचं अडगळीचं सामान हलवताना त्याला एक युकुलेली सापडली. तिला एकच तार होती. बाई म्हणाल्या, घेऊन जा. त्या एका तारेवर तो रेडिओवरच्या गाण्यांचे सूर शोधत बसायचा. एकतारीवरचा हा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. कॉर्ड वाजवायची सोयच नसताना सूर कानाने हुडकावा लागतो, आणि एकदा असा हुडकलेला सूर बोटांतून जात नाही.

फेब्रुवारी १९५८ मध्ये आई गेली. ती बत्तीस वर्षांची होती. वडिलांनी मुलांना तिच्या अंत्यविधीला नेलं नाही. त्याच वर्षी पाच डॉलरना एक जुनी साधी गिटार त्याच्या हाती आली. या दोन घटनांना एका धाग्यात ओवायचा मोह चरित्रकारांना आवरत नाही. मला ते जमत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात काय चाललं होतं हे सांगणारं कुणी नाही.

वडिलांबद्दल मात्र थोडं बोलायला हवं. अल हेंड्रिक्स कडक होते, दारू पीत, डाव्या हाताने काही करणं अशुभ मानत. त्यामुळे ते घरात असले की जिमी गिटार उजव्या बाजूने धरायचा आणि त्यांची पाठ वळली की उलटी करायचा. या गोष्टी खऱ्याच. पण १९५९ मध्ये त्याला पहिली इलेक्ट्रिक गिटार, पांढरी सुप्रो, घेऊन दिली ती याच माणसाने. पुढे बर्डलँड नावाच्या क्लबात ती रात्री मंचामागे राहिली आणि चोरीला गेली, तेव्हा दुसरी, लाल रंगाची डॅनइलेक्ट्रो, त्यांनीच आणली. लोकांच्या बागांची मशागत करून पोट भरणाऱ्या माणसाने मुलाला दोन गिटारी घेऊन देणं म्हणजे काय, हे हप्त्याने वाद्य घेतलेल्या कुणालाही विचारा.

पहिला बँड द व्हेल्व्हेटोन्स. तिथे साध्या गिटारीचा आवाज बाकीच्यांपुढे ऐकूच जाईना, म्हणून तर सुप्रोची गरज पडली. इलेक्ट्रिक गिटार घेऊन तो पहिल्यांदा वाजवायला गेला ते सिएटलमधल्या एका यहुदी प्रार्थनामंदिराच्या तळघरात. तिथे मध्यंतरातच त्याला काढून टाकलं. कारण, फार जास्त वाजवतो, मंचावर चाळे करतो. मग रॉकिंग किंग्ज, मग टॉमकॅट्स. शहरातल्या मुलामुलांचे हे बँड. आठवड्याअखेर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचे, तिकिटावर आलेल्या पोरांना नाचायला लावतील अशी गाणी बसवायचे. या नाचाच्या संगीताला माझ्या लेखी मोठी किंमत आहे. समोर नाचणारे पाय हे सगळ्यांत कठोर परीक्षक. ठेका ढिला पडला की ते थांबतात आणि दारात जाऊन उभे राहतात.

१९६१ मध्ये चोरीच्या गाडीत सापडल्यावर तुरुंग की लष्कर असा प्रश्न त्याच्यापुढे आला आणि तो लष्करात गेला. केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेल तळावर त्याने घरून ती लाल गिटार मागवून घेतली. एकदा पावसातून आडोशाला आलेल्या बिली कॉक्स नावाच्या सैनिकाने आतून येणारा गिटारचा आवाज ऐकला. त्यात आपल्याला जॉन ली हूकरही ऐकू आला आणि बीथोव्हनही, असं कॉक्सने पुढे सांगितलं आहे. कॉक्स बेस वाजवायचा. दोघांनी मिळून बँड काढला. १९६२ मध्ये लष्कर सुटलं आणि तो बँड आधी क्लार्क्सव्हिल, मग नॅशव्हिलच्या जेफरसन स्ट्रीटवर आला. नाव ठेवलं किंग कॅज्युअल्स.

नॅशव्हिल म्हटलं की आपल्याला काउबॉय टोपी आणि कंट्री म्युझिक आठवतं. पण जेफरसन स्ट्रीट ही त्या शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीची गल्ली होती आणि तिथे क्लबांमागून क्लब. डेल मोरोक्को, न्यू एरा. इथे वाजवणारी माणसं नाणावलेली, सिएटलच्या पोरांसारखी हौशी नव्हेत. जॉनी जोन्स हा इथला मोठा गिटारवादक. जिमीने त्याला भर क्लबात आव्हान दिलं आणि स्वतःच हरला. जिमीच्याच बँडमधला दुसरा गिटारवादक अल्फोन्सो यंग दातांनी तार छेडायचा. जिमीने ती युक्ती त्याच्याकडून उचलली. पुढे लंडनच्या वर्तमानपत्रांनी जिला त्याचं रानटी वेड ठरवलं, ती खरं तर एका परंपरेतली रीतसर शिकलेली करामत होती. टी-बोन वॉकर तर १९४० च्या दशकातच गिटार डोक्यामागे धरून वाजवत असे. आपल्याकडे ढोलकीपटू फडावर ढोलकी कशीकशी फिरवतात, ते पाहिलेल्याला याचं नवल वाटू नये. प्रेक्षकाची नजर धरून ठेवणं हा त्या कलेचाच भाग असतो.

नॅशव्हिलमधून तो दौऱ्यांवर जाऊ लागला. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांच्या नाट्यगृहांची, क्लबांची, नाचघरांची एक साखळी होती, तिला चिटलिन सर्किट म्हणत. सॅम कुक, जॅकी विल्सन, स्लिम हार्पो अशा गायकांमागे त्याने या साखळीत वाजवलं. दौरे बसने चालत. गोऱ्यांच्या हॉटेलात खोली नाही, खाणावळीत टेबल नाही. कुठल्या गावात कुठे उतरायचं, कुठे गाडीत पेट्रोल भरायचं, हे सांगणारं एक पुस्तकच होतं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणाऱ्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या टपालवाल्याने ते १९३६ पासून छापायला घेतलं होतं. वंशभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा आला जुलै १९६४ मध्ये, म्हणजे जिमीचे सुरुवातीचे दौरे होऊन गेल्यावर.

या साखळीतली शिस्त जबर होती. सगळ्या वादकांचा एकसारखा सूट, पावलांची एकसारखी हालचाल. बुटांच्या नाड्या दोन तऱ्हांच्या दिसल्या तरी पाच डॉलर दंड व्हायचा, असं त्यानेच पुढे सांगितलं आहे. त्याची पहिली गिटार पाच डॉलरची होती! १९६४ च्या सुरुवातीला तो हार्लेमला आला, अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत पहिला आला, आणि आयस्ली ब्रदर्सच्या बँडमध्ये लागला. त्यानंतर गायक लिटल रिचर्डकडे. इथे पुन्हा सिएटलचीच गोष्ट घडली. कपडे भडक, यायला उशीर, आणि गायकावरून लोकांची नजर आपल्याकडे ओढायची खोड. जुलै १९६५ मध्ये त्याला काढून टाकलं.

ही हकिगत सांगताना लिटल रिचर्डला नेहमी खलनायक करतात. मला ते अन्यायाचं वाटतं. भडक शर्टातला एक पोरगा पुढे घुसला म्हणून कार्यक्रमाचा तोल जातो, हे बँड चालवणाऱ्यालाच कळतं. शाहिरामागे झीलकऱ्याने स्वतःच पोवाडा म्हणायला घेतला तर शाहिराने काय करावं? त्या काळच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या मंडळींना कडक इस्त्रीचे कपडे आणि वेळ पाळणं हे शोभेपुरतं नव्हतं. पुढची सुपारी त्यावर अवलंबून असायची. जिमी त्या चौकटीत मावणारा नव्हता हेही खरं. पण चौकटीत राहून तो जे शिकला ते त्याने टाकून दिलं नाही.

काय शिकला? कर्टिस मेफील्ड आणि त्याचे इम्प्रेशन्स त्या काळी या साखळीतलं मोठं नाव. मेफील्ड पूर्ण कॉर्ड खसाखस झोडपत नसे. दोन-तीन तारांवर कॉर्डचा तुकडा, त्यात एक बोट सरकवून काढलेला नाजूक सूर, आणि गायकाने श्वास घेतला की त्या फटीत चार स्वरांचं उत्तर. आपल्याकडचा चांगला पेटीवाला गायकाच्या मागून जसा येतो, तशी ही साथ. ‘द विंड क्राइज मेरी’ ऐकताना मेफील्डचं ऋण स्पष्ट ऐकू येतं. जानेवारी १९६७ मध्ये दुसऱ्या गाण्याचं काम उरकल्यावर उरलेल्या वेळात, सुमारे वीस मिनिटांत ते मुद्रित झालं. सोबत फक्त बेस आणि ड्रम्स. तिघांच्या बँडमध्ये मागे भरणा करायला दुसरी गिटार नसते. गाणाऱ्याने स्वतःच्या गाण्याची साथ स्वतःच करायची. इतर गायकांमागे काढलेली ती सगळी वर्षं या वीस मिनिटांत कामाला आली.

न्यूयॉर्कमधले दिवस हलाखीचे. गिटार गहाण टाकायची वेळ यायची. ऑक्टोबर १९६५ मध्ये त्याने एका निर्मात्याशी तीन वर्षांचा करार केला. हातात आगाऊ एक डॉलर आणि विक्रीवर एक टक्का. या कागदाने पुढे त्याचा पिच्छा पुरवला. अखेर १९७० ची एक अख्खी तबकडी देऊन त्यातून सुटका करून घ्यावी लागली. १९६६ मध्ये त्याने स्वतःचा बँड काढला, ग्रीनिच व्हिलेजमधल्या कॅफे व्हा या ठिकाणी वाजवू लागला, तिथे चॅस चँडलर या ब्रिटिश बेसवादकाने त्याला ऐकलं, आणि सप्टेंबरात तो लंडनला गेला. तिथून पुढचं सर्वांना ठाऊक आहे.

जेफरसन स्ट्रीटचं पुढे काय झालं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आंतरराज्य महामार्ग क्रमांक ४० त्या वस्तीच्या मधून काढला. रहिवाशांनी एकत्र येऊन न्यायालयात दाद मागितली, पण रस्ता व्हायचा तो झाला. घरं गेली, दुकानं गेली, क्लब गेले. ज्या गल्लीत एक विसाव्या वर्षातला पोरगा जॉनी जोन्सकडून हरला आणि अल्फोन्सो यंगकडून शिकला, तिचे दोन तुकडे झाले. अशी गल्ली एका पिढीत उभी राहत नाही. रोज संध्याकाळी उघडणारे चार-पाच क्लब, एकमेकांच्या ईर्ष्येने वाजवणारी माणसं, आणि त्यांना ऐकायला कामावरून थेट येणारे श्रोते, एवढं सगळं जुळावं लागतं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रांची जागा डीजेच्या भिंतींनी घेतली, तेव्हापासून मला जेफरसन स्ट्रीट जास्तच जवळची वाटू लागली आहे. एखादा नवशिका आता कुणाच्या मागे उभा राहून चुकणार, आणि गायक वळून बघेल तेव्हा शिकणार?

जिमी स्वतः ती गल्ली विसरला नाही. १९६९ मध्ये, जगातला सगळ्यांत नामांकित गिटारवादक झाल्यावर, त्याने नवा बँड जमवायला घेतला आणि आठवण काढली ती बिली कॉक्सची. दुसऱ्या गिटारसाठी बोलावलं लॅरी ली याला. हाही नॅशव्हिलच्याच दिवसांतला सोबती, नुकताच व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला. १८ ऑगस्टच्या सकाळी वुडस्टॉकच्या मंचावर हे तिघे एकत्र उभे होते. रिदम वाजवत होता लॅरी ली. त्याने त्या सकाळी गाणीही म्हटली, आणि त्यांत एक होतं ‘जिप्सी वुमन’, कर्टिस मेफील्डचं. पुढे वुडस्टॉकच्या अधिकृत तबकड्या निघाल्या त्यांतून लॅरीची गाणी वगळली, आणि त्याची गिटार इतकी मागे ढकलली की कान देऊनही जेमतेम कळते. ही गाणी वगळायला नको होती. जिमीने त्या माणसाला मुद्दाम तिथे आणून उभं केलं होतं. लॅरीचा आवाज आणि त्याची गिटार त्या ध्वनिमुद्रणात पूर्ण ऐकू यावी, असं मला मनापासून वाटतं.