ज्यांचा रविवार सोमवारी येतो

मु. पुणे

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. हॉटेलच्या मुदपाकखान्यात शनिवार-रविवार राबणाऱ्या तुझ्यासारख्यांना डिस्क गोल्फच्या, म्हणजे टोपल्यांत चकत्या फेकण्याच्या खेळाच्या, स्पर्धांत उतरण्याची सोयच उरत नाही, कारण पोर्टलंडच्या पंचक्रोशीतल्या बहुतेक स्पर्धा नेमक्या त्याच दोन दिवशी भरतात. तेव्हा मधल्या वारी आपणच एक स्पर्धामालिका भरवावी, हा तुझा मनोदय मला सर्वथा पसंत आहे. उभी हयात एस.टी.च्या आगारात चालक-वाहकांच्या पाळ्या लावण्यात घालवलेल्या माणसाला तू याबाबत सल्ला विचारलास, हेही योग्यच झाले. मात्र ‘मंगळवारी ठेवली की काम फत्ते’ या तुझ्या वाक्यापाशी मी थबकलो.

रविवारच्या सुट्टीचे खरे मोल विश्रांतीइतकेच तिच्या समाईकपणात आहे. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी कित्येक वर्षे झगडून १८९० साली ती मिळवली, तेव्हा मजुराला नुसता एक दिवस मिळाला नाही. शेजाऱ्याला, भावाला, मेहुण्यालाही तोच दिवस मिळाला, आणि म्हणूनच त्या दिवशी सभा, भजने, खेळ आणि सोयरिकी होऊ शकल्या. ज्याच्याकडून हा दिवस काढून घेतला जातो, त्याला बदली म्हणून दिलेला वार दुसऱ्या कोणाच्या वाराशी जुळेलच याची हमी नसते. तुझ्यासोबत खेळणाऱ्यांपैकी परिचारिकेला आठवड्यात बारा-बारा तासांच्या तीन पाळ्या असतात आणि त्या दर आठवड्याला सरकतात. तुझी रजा हॉटेलात पाहुणे किती यावर. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाची रजा त्याच्या वरिष्ठाच्या मर्जीवर. या साऱ्यांना मिळून एकच ‘मधला वार’ आहे असे गृहीत धरणे, म्हणजे आगारातल्या सर्व वाहकांना एकाच दिवशी साप्ताहिक सुट्टी देऊन गाड्या सुटतील अशी आशा बाळगण्यापैकी आहे.

तरीही एक वार निवडलाच पाहिजे, आणि माझ्या मते तो सोमवार असावा. तुमच्या देशात पुष्कळ उपाहारगृहे आणि केशकर्तनालये सोमवारी बंद असतात, नाट्यगृहांतले दिवे बहुधा त्याच दिवशी विझलेले असतात, आणि खाजगी गोल्फ क्लबांत इतर दिवशी श्रीमंतांच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींना स्वतः खेळण्याची मुभा सोमवारी देण्याची जुनी वहिवाट आहे. सोयीच्या वाराभोवती खेळ कसा उभा राहतो याचा दाखला हवा असेल तर इंग्लंडातल्या शेफील्डकडे पाहा: बुधवारी अर्ध्या दिवसाची सवड मिळणाऱ्या कारागिरांनी १८२० साली क्रिकेटचा क्लब काढून त्याला वाराचेच नाव दिले, १८६७ मध्ये त्यांनी फुटबॉल सुरू केला, आणि शेफील्ड वेन्सडे हे नाव आजही टिकून आहे, जरी त्यांचे सामने आता बहुधा शनिवारी होत असले तरी! वार एकदा ठरला की हंगामभर बदलू नकोस. वरिष्ठापाशी ‘दर महिन्याचा पहिला सोमवार’ मागणे सोपे जाते, ‘या खेपेस गुरुवार, पुढल्या खेपेस मंगळवार’ असे मागणाऱ्याकडे कोणीही संशयाने पाहतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. तुमच्या ओरेगन राज्याने २०१७ साली कायदा करून किरकोळ विक्री, हॉटेले व खाद्यगृहे यांतल्या पाचशे वा अधिक नोकर असणाऱ्या मालकांवर पाळीपत्रक आगाऊ लावण्याचे बंधन घातले. आधी ही मुदत सात दिवसांची होती, जुलै २०२० पासून ती चौदा दिवसांची झाली. तेव्हा स्पर्धेच्या तारखा हंगामाच्या आरंभीच जाहीर कर, म्हणजे पत्रक तयार होण्यापूर्वी रजेचा अर्ज देता येईल. आणि सर्व जागा एकदम खुल्या न करता निदान तिसरा हिस्सा पत्रके लागेपर्यंत राखून ठेव. असे न केल्यास तुझी स्पर्धा निवृत्त गृहस्थ आणि विद्यार्थी यांनीच भरून जाईल. त्यांच्याविषयी माझा आकस नाही, मी स्वतः निवृत्तच आहे. पण नोंदणी दुपारी बारा वाजता उघडली, तर तेव्हा कढईपुढे उभा असलेला माणूस फोन कसा हाती घेणार? ती रात्री उशिरा उघड. ऐनवेळी पाळी बदलल्यास प्रवेशशुल्क विनातक्रार परत कर.

वेळेबद्दल मात्र मला बराच विचार करावा लागला. एड हेड्रिक यांनी १९७६ साली स्थापलेल्या तुमच्या डिस्क गोल्फ संघटनेच्या नियमांत, ठराविक मुदतीत ज्याने त्याने आपल्या सवडीने येऊन फेरी खेळावी अशीही एक तजवीज आहे, आणि तू तिच्याकडे झुकलेला दिसतोस. तिच्यात दोन अडचणी आहेत. तिघांहून कमी जणांचा गट शक्यतो करू नये असा दंडक असल्याने एकटा आलेला खेळाडू उद्यानात सोबतीची वाट पाहत बसतो. आणि चकतीला वारा फार लागत असल्यामुळे सकाळच्या निवांत हवेत खेळलेला आणि दुपारच्या सोसाट्यात खेळलेला यांची तुलना अन्यायाची ठरते. शिवाय सोबत हीच ज्याची उणीव, त्याला एकट्याने यायला लावून आपण काय साधले?

त्यापेक्षा एकाच सोमवारी दोन पाळ्या लाव. दिवसभराच्या दोन फेऱ्यांचा हव्यास सोडून प्रत्येकाला अठरा टोपल्यांची एकच फेरी दे. पहिली पाळी सकाळी दहाला सर्व टोपल्यांवरून एकदम सुरू केल्यास चार-चारांच्या गटांनी बहात्तर जण मावतात, आणि तीनेक तासांत मोकळा झालेला स्वयंपाकी संध्याकाळच्या कामाला वेळेवर पोचतो. रात्रपाळी करून सकाळी सातला सुटणाऱ्या परिचारिकेला दहाला उभे करणे हा छळ होईल, म्हणून तिच्यासारख्यांसाठी दुसरी पाळी सायंकाळी पाचला ठेव; जूनअखेर तुमच्याकडे नऊपर्यंत सूर्य मावळत नाही. बक्षिसे पाळीगणिक वेगळी ठेव, म्हणजे वाऱ्याचा वाद उद्भवणार नाही. गेल्या उन्हाळ्यात पोर्टलंडच्या पिअर पार्कातल्या गगनचुंबी वृक्षांखाली मी पाहिलेली कामाच्या वारची शांतता लक्षात घेता, उद्यानखात्याची परवानगीही रविवारपेक्षा सुलभ मिळावी. ऑगस्ट सरला की मात्र संध्याकाळची पाळी मोडीत काढ, डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो.

एक इशारा राहिला. मे महिन्याचा शेवटचा आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार ही तुमच्याकडे सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी उद्यान सहकुटुंब फिरायला आलेल्यांनी भरेल आणि तुझी मंडळी कामावर असतील. त्यांतला सप्टेंबरचा सोमवार तर कामगारदिन आहे, आणि त्या दिवशी तुझ्या हॉटेलात जेवायला येणाऱ्यांची संख्या किती असते ते तूच मागे लिहिले होतेस. म्हणून ‘पहिला सोमवार’ हा नियम सप्टेंबरपुरता दुसऱ्यावर ढकल, आणि तसे स्पर्धेच्या पत्रकात आरंभीच छापून टाक.

इकडे सर्व कुशल. तारखांचा कच्चा तक्ता पाठव. पाळ्यांच्या वेळा आणखी एकदा तपासून देतो.

तुझा,
काका