पासाचे पैसे

आमच्या वडगावात क्रिकेट बघणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. फुटबॉल बघणाऱ्याला मात्र दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "रात्री ते काय बघत बसतोस रे?" आणि दुसरा, "त्याला पैसे पण भरतोस काय?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं द्यायचं तर आमच्या घरातली पंचवीस-सव्वीस वर्षं सांगावी लागतात. आपल्या मासिकात तरुण मंडळींसाठी काहीतरी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा हेच सांगावं असं ठरवलं.

वडगाव म्हणजे बेळगावचं दक्षिणेकडचं टोक. एका अंगाला विणकरांच्या गल्ल्या, दुसऱ्या अंगाला येळ्ळूरच्या रस्त्याकडेची भातशेती. शहापूर, खासबाग, वडगाव या पट्ट्यात अजूनही मागांचा खडखडाट ऐकू येतो, आणि त्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळे आमच्याकडची माणसं जरा मोठ्यानंच बोलतात. आमचेही चार माग होते, आता दोन आहेत. राहतो कर्नाटकात, घरात बोलतो मराठी, आणि आमच्या भागातल्या भाजीच्या गाड्या पहाटे चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात. बेंगळूर आमच्यापासून पाचशे किलोमीटर. गोवा शे-सव्वाशे किलोमीटरवर. त्यामुळे आमच्या घरातला फुटबॉल गोव्याचा.

याची सुरुवात बाबांनी केली. १९९८-९९ च्या मोसमात साळगावकर क्लबनं राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, त्या वर्षी बाबा ओळखीच्या भाजीच्या गाडीतून मडगावला गेले आणि फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियममध्ये सामना बघून दुसऱ्या दिवशी परतले. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आजी दारात उभी होती. बाबांनी खिशातून तिकिटाचा तुकडा काढून दाखवला, जणू तो हातात असला की सगळं माफ होतं. पुढे धेंपो क्लबनं लीग जिंकायचा सपाटा लावला, तेव्हा बाबा वर्षातून दोन-तीनदा तरी जायचे. मोठा झाल्यावर मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, एफसी गोवा नावाचा नवा क्लब आला, झिको त्याचे प्रशिक्षक झाले. बाबांना नव्या क्लबाविषयी फारशी आपुलकी नव्हती. "हे कंपनीचं दुकान आहे," म्हणायचे. पण मैदान तेच, गर्दी तीच. दुसऱ्या मोसमापर्यंत तेही केशरी टी-शर्ट घालून माझ्या मोटारसायकलवर मागे बसले.

१७ मार्च २०१९ ला मुंबईत अंतिम सामना झाला. बेंगळूर एफसी विरुद्ध गोवा. माझा चुलतभाऊ नोकरीनिमित्त बेंगळूरला असतो, त्यामुळे तो पक्का त्या बाजूचा. जादा वेळेत मुंबईच्या राहुल भेकेनं हेडर मारून गोव्याला हरवलं. चुलतभावानं लगेच फोन केला, "मराठी पोरानंच मारला की रे!" बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

त्याच वर्षी दिवाळीनंतर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पण डावा पाय ओढत चालावं लागतं. चोर्ला घाटातून मोटारसायकलवर जाणं संपलं. गाडी करून नेऊ म्हटलं तर स्टेडियमच्या पायऱ्या चढणार कोण?

पुढच्या वर्षी करोना आला. २०२०-२१ चा सगळा मोसम गोव्यातच भरवला गेला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, अशा तीन ठिकाणी ११५ सामने, आणि एकाही सामन्याला प्रेक्षक नाही. मडगावात स्टेडियमच्या भिंतीला लागून राहणारा माणूस आणि वडगावात पाय पसरून बसलेले आमचे बाबा, दोघांनाही सामना पडद्यावरच बघावा लागणार होता. मी डिस्ने प्लस हॉटस्टारचा व्हीआयपी पास घेतला. वर्षाला ३९९ रुपये. त्या दिवसांत माग बंद, माल पडून, घरात प्रत्येक रुपयाचा हिशेब चालू. हिनं विचारलं, "आत्ताच घ्यायला पाहिजे का?" मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "गोव्याला जायचं बंद झालं, त्याचे पैसे वाचले की. त्यातनं घ्या."

त्या ३९९ रुपयांत बाबांचा अख्खा हिवाळा निघाला. व्यायामाला बसवायला येणाऱ्या मुलाला ते आदल्या रात्रीचा सामना समजावून सांगत. बोलणं अडखळायचं, पण खेळाडूंची नावं मात्र स्पष्ट यायची. एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळला. तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय क्लब. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध इदू बेदियानं हेडर मारून गोल केला आणि काही मिनिटं का होईना, गोवा पुढे होता. बाबांनी उजव्या हातानं डावा हात उचलून टाळी वाजवली. सामना गोव्यानं १-२ असा गमावला. आमच्या घरात अजूनही त्या गोलाचीच गोष्ट निघते.

आता पैसे भरून बघण्यातल्या कटकटीही सांगायला हव्यात, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकच बाजू मांडतो. पहिली कटकट म्हणजे पत्ता बदलत राहतो. सुपर लीग आधी हॉटस्टारवर, मग दोन मोसम जिओसिनेमावर फुकट, मग दोन्ही मिळून फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार. चॅम्पियन्स लीग सोनीलिव्हवर, स्पेनची ला लीगा आता फॅनकोडवर. एका माणसाला सगळं बघायचं तर भिशीच लावायला पाहिजे. दुसरी कटकट उशिराची. ऑनलाइन चित्र छोट्या छोट्या तुकड्यांत कापून पाठवतात आणि मध्येच अडकू नये म्हणून आपला मोबाइल काही तुकडे आधी साठवून मग दाखवतो. त्यामुळे आपण खऱ्या खेळाच्या अर्धा-पाऊण मिनिट मागे असतो. मडगावच्या मित्रांचा ग्रुप टणटणला की बाबा ओरडतात, "फोन उलटा ठेव!" तिसरी कटकट भाषेची. आयपीएलला ऑनलाइन मराठी समालोचन मिळतं. आमच्या फुटबॉलला अजून बाबांचंच समालोचन.

आणि चौथी गोष्ट म्हणजे फुकटची लिंक. ही आमच्या घरात माझ्या पुतण्यानं आणली. तो अकरावीत आहे, हुशार आहे, आणि "पैसे कशाला भरायचे काका, ग्रुपवर लिंक येते की" हे त्याचं म्हणणं. लिंकवर सट्ट्याच्या जाहिराती नाचतात, ऐन पेनल्टीच्या वेळी चाक फिरत राहतं, तरी त्याचं काही अडत नाही. मी त्याला कायदा सांगायला लागलो तर तो ऐकून घेतो आणि मान हलवतो. बाबांनी कायदा काढला नाही. एक दिवस कांड्या भरायला बसलेल्या काकूंकडे बोट दाखवून त्याला विचारलं, "ही साडी दुकानात विकली, त्यातले हिला किती मिळतात ठाऊक आहे काय?"

"थोडे मिळतात आजोबा."

"थोडे का असेनात, मिळतात. आणि साडी चोरून नेली तर?"

पुतण्या हसला. "क्लबवाले लई श्रीमंत आहेत आजोबा. त्यांना काय फरक पडतोय?"

या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी आमच्याकडे कुणाकडेच नव्हतं. खरं म्हणजे मलाही तसंच वाटायचं.

मग २०२५ चा जुलै आला. सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीनं क्लबांना कळवलं की पुढचा मोसम थांबवतोय. महासंघाबरोबरचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि नव्याचा पत्ता नव्हता. ऑगस्टमध्ये चुलतभावाच्या बेंगळूर एफसीनं पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. सुनील छेत्रीचा क्लब! चुलतभावाचा फोन आला तेव्हा या खेपेला बाबांनी त्याला चिडवलं नाही. नोव्हेंबरमध्ये लीगचे व्यापारी हक्क घेण्यासाठी काढलेल्या निविदेला एकसुद्धा बोली आली नाही. कारणं बरीच होती. करार होता, कोर्ट होतं, महासंघाची घटना होती, त्यात मी शिरत नाही. पण चार माग चालवलेल्या माणसाला निविदा रिकामी जाणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. माल चांगला आहे असं सगळे म्हणतात आणि घ्यायला कुणी येत नाही, हे आम्ही गल्लीत पाहिलेलं आहे. त्यानंतर एकेक माग भंगारात जातो.

पुतण्यानं विचारलं, "मग फिजिओ, मैदानावरचे लोक, त्यांचं काय?" क्लबांचे मालक श्रीमंत असतात, पण क्लबात गवत कापणारा, कपडे धुणारा, चौदा वर्षांच्या पोरांना शिकवणारा अशी किती माणसं असतात, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

लीग नसली तरी त्या वर्षी गोव्याला एक मोठा सामना मिळाला. ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला २-१ असं हरवून एफसी गोवा आशियातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेत पोहोचला आणि गटात सौदीचा अल नासर आला. रोनाल्डोचा अल नासर. सामना २२ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळी पाडव्याला, फातोर्ड्यात. फॅनकोडवर त्या एका सामन्याचा पास मिळत होता, बाहेरच्या एका नाश्त्याइतक्या पैशांत. पुतण्याकडे लिंक तयार होतीच. ओवाळणी झाल्यावर बाबांनी उशीखालून एक नोट काढली आणि त्याच्या हातात दिली. "जा, तिकीट काढ."

"आजोबा, नोटेनं नाही काढता येत, यूपीआय करावं लागतं."

"ते तू बघ. पण काढ."

त्यानं काढलं. टीव्हीला जोडलं. बहीण भाऊबीजेसाठी एक दिवस आधीच आली होती, तिची दोन मुलं, काकू, ही, मी, बाबा, असे आम्ही चकली-चिवड्याचा डबा मध्ये ठेवून बसलो. रोनाल्डो आलाच नाही, पुतण्या थोडा वेळ घुश्शात होता. अल नासरनं दोन गोल चढवले. मध्यंतराच्या आधी गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसनं एक परत केला आणि आमच्या घरातल्या आरोळीनं शेजारचे बाहेर आले. निकाल १-२. सामना संपल्यावर बाबा पुतण्याला म्हणाले, "तिकिटाचा तुकडा दे." त्यानं मोबाइलवरची पैसे भरल्याची पावती दाखवली. बाबांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, "याचा फोटो काढून ठेव."

सुपर लीग अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये सुरू झाली, ९१ सामन्यांची, प्रत्येक संघाला फक्त १३. "एवढेच?" बाबांनी विचारलं. मग म्हणाले, "असू दे. निम्मा माग चालला तरी चालला म्हणायचं."

तुम्ही तरुण मंडळी कुणी लिव्हरपूलचे असाल, कुणी बार्सिलोनाचे, कुणी कोल्हापूरच्या पाटाकडील तालमीचे. निपाणीचे माझे मामा या शेवटच्या गटातले. त्यांना शाहू स्टेडियमवर जाऊन गळा बसेपर्यंत ओरडलं नाही तर जेवण जात नाही. प्रत्येकानं सगळे पास घ्यावेत असं मी म्हणणार नाही, ते परवडणारही नाही. आपला एक क्लब ठरवा आणि त्याच्यापुरते पैसे बाजूला काढा. एका सामन्याचा पास मिळत असेल तर तो घ्या. आणि कानात बोळे घालून खोलीत एकट्यानं बघू नका. टीव्हीला जोडा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हाक मारा. त्यांना ऑफसाइड समजला नाही तरी चालतो.

आणखी एक. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने त्यांच्या स्वतःच्या देशात टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. आपण वडगावात बसून जो सामना बघतो तो तिथल्या माणसाला घरी दिसत नाही. मोठ्या क्लबांचा खेळ घरात दिसला तर छोट्या गावांतली मैदानं रिकामी पडतील, म्हणून साठ वर्षांपूर्वी केलेला हा नियम आजही पाळतात. आपल्याकडे असा नियम नाही, तेव्हा ते आपणच लक्षात ठेवायला हवं. बेळगावातही संध्याकाळी पोरं घाम गाळून फुटबॉल खेळतात आणि कडेला बघणारे असतात दहा-बारा. परवा पुतण्या तिथल्या एका सामन्याला मित्रांना घेऊन गेला होता. तिकीट नव्हतं, पण मध्यंतरात चेंडूसाठी वर्गणीचा डबा फिरवला म्हणे. त्यानं वीस रुपये टाकले आणि घरी येऊन आधी आजोबांना सांगितलं.