धूर कुठे जातो?

बंदुकीला सायलेन्सर लावला की आवाज तेवढा कमी होतो, बाकी सारे होते तसेच राहते, अशी पुष्कळांची समजूत असते. माझ्या जावयाचीही होती. टेक्सासला लेकीकडे राहायला गेलो, तेव्हा त्याने आपले ९ मि.मी.चे पिस्तूल माझ्यापुढे ठेवले. मी लष्करात सव्वीस वर्षे आर्मरर होतो. बेळगावच्या घरात त्या विद्येचा आता कुकर दुरुस्त करण्यापलीकडे उपयोग नाही, त्यामुळे मीही हौसेने चष्मा पुसला.

तक्रार अशी, की सायलेन्सर लावून दहा-बारा गोळ्या झाडल्या की डोळे चुरचुरतात, गालाला कण टोचतात, हात काळे होतात. पिस्तूल साफ करून झाले होते, दुकानदाराशी भांडूनही झाले होते.

आम्ही रेंजवर गेलो. आधी मी सायलेन्सर काढायला लावला आणि तीच काडतुसे झाडायला सांगितली. तोंडावर काही आले नाही. रिकाम्या पुंगळ्या उचलून पाहिल्या. एकही फुगलेली वा तडकलेली नव्हती. तशी निघाली असती तर मी तिथेच काम थांबवले असते.

"जावईबापू, ह्यात मोडलेलं काही नाही," मी म्हटले.

"मग हे येतं कुठून, बाबा?"

पावसाळ्यात धुराड्यावर पत्रा टाकला की चुलीचा धूर स्वयंपाकघरात फिरतो, तसलाच हा प्रकार. सायलेन्सर म्हणजे आत पडदे असलेली नळकांडी. गोळीमागचा वायू ती अडवते, निववते आणि सावकाश सोडते. म्हणून १६० डेसिबलच्या आसपासचा आवाज १३० च्या घरात येतो. पण स्लाईड काही थांबत नाही. ती मागे सरकून नळीचे मागचे तोंड उघडते तेव्हा नळकांडीत दाब शिल्लक असतो. तो मागच्या वाटेने येतो, आणि येताना काजळी, अर्धवट जळलेली दारू व शिशाची धूळ घेऊन येतो.

थोडी कडक स्प्रिंग घातली की स्लाईड जराशी उशिरा उघडते. फार कडक घातली तर पिस्तूल अडते. ११५ ग्रेनची स्वस्त काडतुसे सोडून आम्ही ध्वनीपेक्षा सावकाश जाणारी १४७ ग्रेनची घेतली. त्यांतली दारू स्वच्छ जळणारी होती, तिने निम्मे काम केले. नळकांडीत चमचाभर पाणी घालण्याची तिकडे एक युक्ती आहे. पहिले काही बार थंड निघतात खरे, पण काळा चिखल तोंडावर येतो. मला ती पटली नाही. वायू पुढेच काढून देणारे नवे सायलेन्सर मिळतात, ते महाग.

माझा डावा कान रेंजवरच गेला. आमच्या वेळी कानात कापसाचा बोळा घालायची रीत होती. तेव्हा सायलेन्सरला मी नावे ठेवणार नाही. पण घरी आल्यावर जावयाने त्याच कपड्यांत आठ महिन्यांच्या नातवाला उचलले आणि पोराने त्याचे बोट तोंडात घातले, तेव्हा मी ओरडलोच. साध्या काडतुसाच्या टोपीत शिशाचे संयुग असते, गोळीच्या बुडाशी शिसे उघडे असते. लहान मुलाला शिसे किती चालते, तर अजिबात नाही.

लेक त्या रात्री नवऱ्याशी बोलली नाही. पुढच्या आठवड्यात दोघांचे रक्त तपासले. पोराचे ठीक निघाले. जावयाचे शिसे हवे त्याहून जास्त. त्यानंतर त्याने बिनशिशाच्या टोपीची, बूड झाकलेल्या गोळीची काडतुसे शोधून काढली. रेंजवरचा शर्ट गॅरेजातच उतरवायचा, तो वेगळा धुवायचा, आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पोराला हात लावायचा नाही, हे लेकीने ठरवून दिले. मी निघालो तेव्हा गॅरेजात त्यासाठी एक निळी बादली आली होती.