दीड फुटाची जमीनदारीण

डोंबिवलीतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीखाली उभं राहून मान वर करा, ती दिसेल. भिंतीबाहेर पोट काढून बसलेली, कोपऱ्यांत गंजाचे ओघळ, अंगावर तीनदा चढवलेला रंग तीन ठिकाणी उडालेला. ही स्वयंपाकघराच्या खिडकीची बॉक्स ग्रिल. लांबी 5 फूट, बाहेर आलेली दीड फूट, म्हणजे सगळी मिळून साडेसात चौरस फूट. एका गुंठ्याचे जवळपास दीडशे तुकडे केले तर त्यातला एक हिच्या वाट्याला येईल. तोरा मात्र बागायतदारणीचा.

तिला बसवलं होतं चोरांसाठी. तिसऱ्या मजल्यावर चोर काही फिरकला नाही, आणि रिकाम्या बसल्या बसल्या तिला जमिनीचा लोभ सुटला. आधी तुळस आली. तुळशीला नाही कोण म्हणणार? तिच्या आडोशाने गवती चहा आला, मग कढीलिंब, मग मिरची. वर्षभरात खिडकीचं दार पूर्ण उघडायचं बंद झालं. आता चोर आलाच तर बिचाऱ्याला आधी कुंड्या उतरवाव्या लागतील.

तिची कुळं पाहण्यासारखी आहेत. रंगाच्या डब्यात मिरची, श्रीखंडाच्या डब्यांत मेथी, कान तुटलेल्या कुकरात पुदिना, मासळीबाजारातून मागून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात पालक. नर्सरीतून ऐटीत आलेली नक्षीची कुंडी एकच, आणि तिच्यातलं रोप तेवढं कायम रुसलेलं. जड कुळांना मात्र ही बाई वचकून असते. ओल्या मातीने भरलेली 12 इंची कुंडी सहज 15-20 किलोंची होते. अशा चार जणी शेजारी शेजारी बसल्या की भिंतीतले स्क्रू कुरकुरू लागतात. म्हणून इथे माती निम्मीच, बाकी कोकोपीट आणि भाजीच्या देठा-सालींचं खत.

ती लहरी आहे, अशी घरच्यांची तक्रार. खरं तर ती पंचांग पाळणारी आहे. तिचं तोंड दक्षिणेला. पौषात ऊन तिच्या अंगावरून थेट ओट्यावरच्या डब्यांपर्यंत येतं. उन्हाळा चढतो तसं ते मागे सरकतं. मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत उत्तरेकडे झुकून राहतो. तेवढे दिवस हिच्याकडे थेट ऊन नाही. सगळं शहर उन्हाने भाजत असताना ही सावलीत! हे ध्यानात न घेता एकदा एप्रिलात टोमॅटो लावले गेले. रोपं गजांतून माना काढून हातभर लांबली, फळ एक नाही. तीच हौस दसऱ्याला केली तेव्हा पानोपानी फुलं. टोमॅटो-मिरचीला रोजचं 6 तास ऊन लागतं, मेथी-पालक-पुदिना तीन-चार तासांत भागवून घेतात, हा तिचा साधा सारावसुलीचा तक्ता आहे. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर ‘प्रयोग परिवारा’च्या लोकांना पानांवर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडायला शिकवत. हिने त्यांचं काही वाचलेलं नाही, हिशेब मात्र तोच.

फुलं आली म्हणजे फळं आली, असंही नाही. टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकत्रच नांदतात, पण पराग झडायला कुणीतरी हलवावं लागतं. मधमाशी वाट वाकडी करून तिसऱ्या मजल्यावर येईलच याचा भरवसा नाही. म्हणून सकाळचा चहा झाला की आजोबा शब्दकोड्याची पेन्सिल घेऊन येतात आणि प्रत्येक घोसाच्या देठावर दोन-दोन टिचक्या मारतात. जमीनदारीण शांतपणे बघत असते. कामं करून घ्यायची तिला सवय आहे.

देताना तिचा हात आखडता. आठवड्याला पाच मिरच्या, महिन्याला वाटीभर पालक. कोथिंबिरीला तर ती फार रडवते. अख्खे धने टाकून चालत नाही, लाटण्याखाली रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्या लागतात. तरीही मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते आणि कोथिंबीर दहा-बारा दिवस तोंड दाखवत नाही. तेवढ्यात कुणीतरी घाबरून तांब्याभर पाणी ओततं आणि बी कुजतं. पण कधीतरी पाहुण्यांच्या पोह्यांवर तिच्या चार काड्या पडतात, आणि ताटली पुढे करताना “घरची आहे हं!” हे वाक्य येतंच. भाजीवाल्याच्या जुडीवर असं भाषण कुणी केलेलं ऐकलंय?

शेजारधर्मात ती कच्ची. पाणी पिते ती, आणि ओघळ उतरतो खालच्या काकूंच्या दोरीवर. “अगं, आत्ता वाळत घातली होती चादर!” ही हाक ठरलेली. मग कुंड्यांखाली ताटल्या आल्या. पावसाळ्यात त्या ताटल्यांत पाणी साचून राहिलं तर आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासांची नवी पिढी उडते, म्हणून दर रविवारी त्या उपड्या करायचं काम नातवाच्या गळ्यात पडलं. काकूंची समजूत कढीलिंबाच्या डहाळ्यांवर निघाली. आता चादर भिजली की त्या ओरडत नाहीत. आमटी टाकायच्या वेळी वाटी घेऊन वर येतात.

तिच्या मालकीला खरं आव्हान दिलं ते एका कबुतरीने. मेथीच्या डब्यात तिने चार काटक्या टाकल्या, दोन अंडी घातली आणि ठाण मांडलं. 1957 साली कृषक दिनी तेव्हाच्या मुंबई राज्यात ‘कसेल त्याची जमीन’ झाली. हिने ‘बसेल त्याची’ केली. अंडी उबायला अठरा दिवस, पिल्लं उडायला आणखी महिना. तेवढा काळ डब्याला पाणी नाही, खिडकीला आवाज नाही, फोडणीसुद्धा बेताची. कुटुंब उडून गेल्यावर डबा घासून उन्हात ठेवला आणि वर जाळी ताणली. जमीनदारीण या प्रकरणात एक शब्द बोलली नाही. कबुतरांना ती मनातून भिते.

तेव्हा तिच्या जिवावर कुणी पोट भरायला जाऊ नये. तिच्या पिकाचं माप चिमटीचं, पायलीचं नव्हे. पण ज्या घरात ऊन म्हणजे फक्त पडदा ओढायचं कारण होतं, तिथे आता ते किती वाजता कुठल्या गजावर येतं हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिची खरी वसुली ती.

ओळख वाढवायची असेल तर दिवाळीच्या सुमारास या, तेव्हा ती खुशीत असते. येताना श्रीखंडाचा एक रिकामा डबा आणा. बुडाला चार भोकं मात्र घरूनच पाडून आणा. भोकं नसली की पाणी तुंबतं, मुळं कुजतात, आणि दोष तिच्या माथी येतो.