मिठाच्या जमिनीवरून मांडवीपर्यंत

पाणी, शिधा, तंबू आणि दुरुस्तीचे सामान गाडीतच घेऊन, मुक्कामासाठी हॉटेलवर विसंबून न राहता केलेल्या लांब पल्ल्याच्या रस्तेप्रवासाला ‘ओव्हरलँडिंग’ म्हणतात. आणि फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी बाळगणाऱ्या पुणेकरांना त्यासाठी कच्छची ओढ वाटते, कारण तेथे वाळवंट आणि समुद्रकिनारा एकाच फेरीत पाहता येतात. जानेवारीतील प्रस्तुत प्रवासात मात्र हे दोन वेगळे प्रदेश असल्याची समजूत छोट्या रणातच मोडली.

छोटे रण हे वाळूचे वाळवंट नव्हे. पावसाळ्यात नद्यांचे आणि कच्छच्या आखाताचे पाणी येथे पसरते, ते आटल्यावर वर कोरडी खपली आणि खाली ओला चिखल राहतो, आणि खपली फुटून गाडीचे पोट चिखलाला टेकले की चारही चाके जागच्या जागी फिरू लागतात, म्हणून रुळलेली चाकोरी सोडायची नाही हा तेथला पहिला नियम होय.

अशाच एका चाकोरीच्या कडेला अगरियांचे, म्हणजे मीठ पिकवणाऱ्या कामगारांचे, एक कुटुंब झोपडी बांधून राहत होते. उरण-पेणच्या मिठागरांत भरतीचे पाणी घेतात. येथे मात्र समुद्र दूर असूनही जमिनीखालून समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट पाणी पंपाने उपसतात. पायांनी तुडवून घट्ट केलेल्या वाफ्यांतून ते पुढे पुढे सोडले जाते, उन्हाने दाट होते, आणि घनता बोमे मापकावर पंचवीस अंशांच्या आसपास पोचली की मीठ धरू लागते. घरातील बाईंनी लाकडी दंताळे वाफ्यात ओढून दाखवले, तेव्हा तळाचे खडे करकरत उलटले. हे रोज केले नाही तर मिठाचा एकसंध थर बसतो, असे त्यांनी सांगितले. ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत चालणाऱ्या या कामात पिण्याचे पाणी टँकरने येते. त्याच मोजक्या पाण्याचा चहा बशीत ओतून पाहुण्यांना आधी दिला गेला, आणि नको म्हणणे तेथे शोभले नसते. संपूर्ण प्रवासातील कोणतेही निसर्गदृश्य या चहाइतके मोलाचे ठरले नाही.

खडीर बेटावरील धोळावीरा त्यानंतर वेगळेच दिसले. रवींद्रसिंह बिष्ट यांच्या उत्खननाने उजेडात आलेल्या आणि 2021मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या हडप्पाकालीन नगराने मनसर आणि मनहर हे हंगामी ओढे बांध घालून वळवले आणि त्यांचे पाणी मोठमोठ्या हौदांत साठवले. त्यांतील खडकात कोरलेल्या हौदाच्या काठावरून खाली पाहताना, तटबंदी आणि राजवाड्यांपेक्षा गोड्या पाण्याची ही राखण श्रेष्ठ आहे, असेच प्रस्तुत लेखकाचे मत झाले.

पर्यटकांसाठी उभारली जाणारी धोर्डोची तंबूनगरी टाळली, हे बरे झाले. मांडवीला रुक्मावतीच्या काठी लाकडी जहाजांचे उघडे सांगाडे पाहण्यात एक दुपार गेली आणि रात्रीचा तंबू किनाऱ्याजवळ पडला. खारा चिखल लोखंडाला गंज चढवतो, म्हणून गाडीचा तळ लगेच गोड्या पाण्याने धुवावा असा संकेत आहे. पण टँकरवर जगणारी झोपडी पाहिल्यावर कच्छमध्ये तसे करणे मनाला पटले नाही, आणि ते काम पुण्यात परतल्यावरच झाले.